टेन्शन कुणाला नसतं?

"टेन्शन कुणाला नसतं? सगळी नाटकं आहेत," बशीत चहा ओतता ओतता पक्याने निकाल लावून टाकला. विषय माझ्या रूममेटचा. एम-थ्रीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणितात, दुसऱ्यांदा केटी. विषय राहिला, पेपर पुन्हा द्यायचा.

"परवा रात्री अकराला त्याने लाप्लासचं पान उघडलं," मी म्हणालो. "एकला मी पाणी प्यायला उठलो, तर तेच पान. कडेला पेन्सिलीने आकडेमोड मात्र वाढली होती. मेसचे किती, रूमचे किती, सोयाबीनचे किती येतील."

"मग? थोडं टेन्शन हवंच. त्याशिवाय कोण पुस्तकाला हात लावतो?"

इथे रेवा पेटली. ती सायकॉलॉजीत एमए करते, तिच्यासमोर असलं बोलू नये. "यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांना शॉक देऊन हेच बघितलं. काम सोपं होतं तेव्हा जोराचा शॉकही चालला. अवघड कामात मात्र मधल्या शॉकवरच उंदीर लवकर शिकले. लोक अर्धंच सांगतात."

"म्हणजे एम-थ्री अवघड आहे हे उंदरांनाही कळलं!" बाळ्या.

"हसा. डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. घरच्या कर्जाने आधीच जागा अडवली, की तिसरी पायरी लिहिताना पहिली निसटते. त्यात झोप नाही. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते."

"आमच्या गावची अर्धी पोरं कर्जातल्या घरांतूनच इंजिनिअर झाली," पक्या हटेना.

हे मला खोडता आलं नाही. उत्तर सुचलं ते रात्री, अंथरुणात: परीक्षेचं टेन्शन पेपर झाला की उतरतं, घरच्याला टाइमटेबलच नसतं.

मग समुपदेशकाचा विषय निघाला. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. "आमच्याकडे केबिन आहे ना," बाळ्या म्हणाला, "कॅरमबोर्ड ठेवतात त्यात." रेवाने टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पक्या मधेच म्हणाला, "केटीचा फॉर्म भरलाय ना त्याने?"

मी गप्प.

"अरे, उद्या शेवटची तारीख! लेट फी कोण भरणार?" त्याने फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा उचलला तसा पक्या बाइकवर टांग टाकत ओरडला, "रूमवरच थांब. आणि हॉलतिकीट शोधून ठेव, मागचं."

बशीतला चहा बाळ्याने संपवला.