अ‍ॅडव्होकसी, १४० तास

एक ओळ. तीन महिन्यांच्या टाइमशीटमध्ये एक ओळ! "अ‍ॅडव्होकसी, १४० तास." बास. कोणाला भेटलास, कशासाठी भेटलास, वॉशिंग्टनला केंद्राकडे की सॅक्रामेंटोला कॅलिफोर्निया राज्याकडे, विधेयकाबद्दल की नियमाबद्दल, काही म्हणजे काही नाही. आणि ही ओळ माझ्याकडे, म्हणजे शेतमजुरांच्या या संस्थेच्या खजिनदारणीकडे, आली कधी? २० एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी. कॅलिफोर्नियात सहा म्हणजे वॉशिंग्टनला नऊ. तिकडची तारीख उलटायला तीन तासही उरले नव्हते आणि एलडी-२ ची, म्हणजे लॉबिंगवर किती खर्च केला हे वॉशिंग्टनला कळवायच्या फॉर्मची, शेवटची तारीख तीच. २००७ च्या कायद्यानं सहामाहीची तिमाही केली, तेव्हापासून ही २० तारीख वर्षातून चार वेळा न चुकता येते. दिवाळीसुद्धा मागेपुढे होते हो, ही झालीच तर सुट्टीपायी एखाद-दोन दिवस.

फोन लावला. आमचे पॉलिसी डायरेक्टर विमानतळावर होते. "एवढं काय त्यात? ती सगळी नुसती बोलणी होती. रिलेशनशिप बिल्डिंग." मी म्हटलं, सिनेटरच्या माणसाशी विधेयकातल्या कलमावर दीड तास बोललास, त्याला कायद्यात लॉबिंग म्हणतात. तर म्हणतो, "नाही नाही, आम्ही एज्युकेट करतो."

एज्युकेट! हा शब्द ऐकला की माझ्या कानशिलाची शीर उडायला लागते. शेतमजुरांसाठी भांडणाऱ्या आमच्या जगात लॉबिंग कोणीच करत नाही. ते शेतमालकांच्या संघटना करतात, तंबाखूवाले करतात. आपण एज्युकेट करतो, एंगेज करतो, आवाज पोचवतो. अरे बाबा, कर ना लॉबिंग! तेच करायला तर तुला पगार देतो आपण. आयकर कायद्यात आमच्यासारख्या धर्मादाय संस्थांसाठी १९७६ पासून ५०१(एच) ची सोय आहे, एक साधा फॉर्म भरला की पहिल्या ५ लाख डॉलरांच्या खर्चातले २० टक्के राजरोस लॉबिंगवर घालता येतात. मग हे तोंड लपवून फिरणं कशासाठी? समोरच्यांच्या संघटनांना तर असली मर्यादाच नाही, ते छातीठोकपणे करतात, आणि आम्ही ज्यांची बाजू खरी ते चोरासारखे.

वर शेवटी काय म्हणावं? "आणि तसंही, हे वाचतं कोण?"

मी फोन आदळला असं लिहिणार होते, पण मोबाइल आदळता येत नाही. जुन्या काळी रिसीव्हर नावाची एक सोय होती, तीही गेली.

मग बसले त्याचं कॅलेंडर उघडून. १४० तासांचा एकेक दाणा निवडायला. ही सॅक्रामेंटोची भेट: राज्याच्या विधेयकावर, म्हणजे एलडी-२ मध्ये नाही, पण वर्षाअखेरीस आयकरवाल्यांच्या ९९० फॉर्मच्या शेड्यूल सी मध्ये आहे. ही कामगार खात्यातल्या बड्या साहेबांची भेट, एच-२ए व्हिसावाल्यांच्या, म्हणजे हंगामापुरत्या परदेशातून आणलेल्या मजुरांच्या, मजुरीच्या नियमावर: ही एलडी-२ मध्ये आहे, पण आयकरवाल्यांच्या लेखी लॉबिंगच नाही, कारण नियम म्हणजे विधेयक नव्हे. तोच माणूस, तोच कोट, तीच फाइल, तेच रडगाणं. एका सरकारी कागदावर लॉबिंग, दुसऱ्यावर समाजसेवा. आणि त्याच नियमावर सूचना मागवल्यावर लेखी पाठवलेलं पत्र? ते कुठेच नाही. हे समजून घ्यायला मला तीन वर्षं लागली आणि अजूनही दर तिमाहीला मी भिंतीवर चिकटवलेला तक्ता बघते.

बसभाड्याचं तर बोलूच नका. मजूर स्वतः भेटायला गेले, पगार नाही म्हणून ते लॉबिस्ट नाहीत, पण बसचा खर्च लॉबिंगचा. सभासदांना "तुमच्या प्रतिनिधीला फोन करा" म्हटलं तर एक हिशोब, बिगरसभासदाला म्हटलं तर दुसरा, आणि त्या दुसऱ्याची मर्यादा पहिल्याच्या पाव. आता ओळीत वाकून स्ट्रॉबेऱ्या तोडणारी बाई, जी दोन सभांना आली आणि तिसऱ्या वेळी हंगामामागे वॉशिंग्टन राज्यात निघून गेली, ती सभासद की नाही? मी कुणाला विचारू?

आणि एलडी-२ मधले ते विषयांचे कोड! यादीत तंबाखूला कोड आहे. जुगाराला आहे. जनावरांना आहे. शेतमजुराला नाही. त्याला थोडा शेतीत घाला, थोडा कामगारांत, थोडा इमिग्रेशनमध्ये. १९३५ च्या कामगार संघटनांच्या कायद्यातून यांना वगळलं, १९३८ च्या मजुरीच्या कायद्यातून वगळलं, ओव्हरटाइम तर केंद्रीय कायद्यात आजही नाही. निदान कोडच्या यादीत तरी घ्यायचं होतं, तिथे काय पैसे पडत होते?

जानेवारीत आणि जुलैत त्यात एलडी-२०३ ची भर. राजकीय देणगी दिली नाही हे सांगायला सुद्धा फॉर्म, आणि त्यावर हमी द्यायची की प्रतिनिधीगृहाचे आणि सिनेटचे भेटवस्तूंचे नियम मी वाचले आहेत आणि मला समजले आहेत. वाचले आहेत, ठीक. समजले आहेत? मला अजून घरातल्या डिशवॉशरचे नियम समजलेले नाहीत. आम्ही कुणाला भेट म्हणून एक पेन दिलेलं नाही. द्यायला पेनच नाहीत, बँकेतून आणलेली वापरतो.

तर असो. सव्वाआठपर्यंत भांडून, दोनदा त्याला मेसेज करून, एकदा नवऱ्यावर विनाकारण ओरडून मी २६ तास बाहेर काढले. सॅक्रामेंटोचे २६ तास. शुद्ध, स्वच्छ, कायदेशीर विजय. १८,३४० डॉलरांचा आकडा १६,७८० वर आला. छाती फुगवून फॉर्ममध्ये भरायला गेले.

एलडी-२ मध्ये खर्च जवळच्या १० हजारात लिहायचा असतो.

१८,३४० म्हणजे २० हजार. १६,७८० म्हणजे २० हजार.

हे मला माहीत होतं. दर तिमाहीला भरते. तरी दोन तास मी त्या माणसाचं कॅलेंडर पिंजत होते आणि "कायदा म्हणजे कायदा" असं स्वतःशी मोठ्यानं बोलत होते. नवरा दारातून म्हणाला, "झालं का गं, खजिनदारीणबाई?" मी त्याच्याकडे पाहिलं. तो गेला.

बरं, शेड्यूल सी साठी ते २६ तास वेगळे लागणारच होते, त्यामुळे अगदीच वाया गेले असं नाही. असं मी म्हणते.

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. त्याचं ते "वाचतं कोण". कारण समजा कोणी वाचलंच, तरी त्याला कळणार काय? २०२१ साली ते शेतमजुरांचं मोठं विधेयक आलं होतं, एच.आर. १६०३. प्रतिनिधीगृहात २४७ विरुद्ध १७४ नं मंजूर झालं आणि सिनेटमध्ये कुजलं. शेतमजुरांच्या संघटनांमध्येच त्यावरून दोन तट पडले होते. काहींना कागदपत्रं मिळण्याची वाट दिसत होती, काहींना ई-व्हेरिफायची, म्हणजे मजुराचे कागद सरकारी नोंदींशी ताडून बघण्याची, सक्ती आणि एच-२ए चा पसारा दिसत होता. मळेवाल्यांची स्वतःची गणितं होती. आणि फॉर्मवर सगळ्यांनी काय लिहायचं? "एच.आर. १६०३." बाजूनं की विरोधात, हे लिहायला रकानाच नाही! कोणत्या कलमावर सौदा केला, कशावर पाणी सोडलं, तेही नाही. २ लाख डॉलरपर्यंत दंडाची धमकी देऊन तुम्ही मला विचारता काय, तर आकडा, तोही गोल केलेला.

आमच्याच जगातल्या बड्या संस्थांचं तर आणखी छान. तिमाही संपली की "शेतमजुरांशी संबंधित मुद्दे" अशी एक ओळ ठोकून मोकळे. आणि मग वार्षिक अहवालात पारदर्शकतेवर दोन पानं, चकचकीत कागदावर, मळ्यातल्या सूर्यास्ताच्या फोटोसकट. सूर्यास्ताचे फोटो बंद करा आधी. त्या वेळेला तोडणीवाले घरी गेलेले असतात, पहाटे चारला उठलेले असतात.

मागच्या वर्षी मीच मोठ्या उत्साहानं ठरवलं होतं की आपण तरी आपला एलडी-२ मजुरांच्या सभेत वाचून दाखवू. स्पॅनिशमध्ये करून घेतला. बरेच जण ओआहाकाकडचे, मिश्तेको बोलणारे, म्हणून दुभाषाही बोलावला. मी वाचलं. त्यानं सांगितलं. अर्ध्या मिनिटात संपलं. दुभाषा माझ्याकडे बघत उभा, पुढचं येतंय म्हणून. मागच्या बाकावरच्या एका बाईनं विचारलं, "हो, पण आमच्या नावानं मागितलं काय?"

मी डायरेक्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, हे जरा गुंतागुंतीचं आहे, पुढच्या सभेत एज्युकेट करू.

पुढच्या सभेला ती बाई नव्हती. हंगाम संपला होता.

२० जुलैच्या टाइमशीटसाठी आज सकाळीच त्याला मेल टाकलाय. चार रकाने केलेत: कोण, कुठे, कोणतं कलम, आणि कुणाला विचारून. चौथा रकाना कायद्यात नाही, माझ्या पदरचा आहे. त्याचं उत्तर आलंय, एक अंगठा.