सपाट चकती आणि गोल खळगा

नमस्कार. कॅव्हिओली, म्हणजे पेशीपटलावरच्या ५० ते १०० नॅनोमीटरच्या खळग्यांवरील माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. हे खळगे घडवणाऱ्या कॅव्हिओलिन-१ या प्रथिनाची रचना सपाट निघाली, मग ते पटल वाकवते असे मी कसे म्हणतो? आणि कॅव्हिओलिन नसलेले उंदीर जगतात, मग या खळग्यांचे एवढे कौतुक कशाला?

पहिला प्रश्न फार चांगला आहे. पूर्वी पाठ्यपुस्तकांत कॅव्हिओलिन पाचरीसारखे पटलात घुसलेले दाखवत. २०२२ साली क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वेगळेच दाखवले: ११ रेणूंची घट्ट चकती, व्यास सुमारे १४ नॅनोमीटर, पटलाकडची बाजू सपाट. पण एक चकती सपाट असली म्हणून अनेक चकत्यांनी मिळून घडवलेला पृष्ठभाग सपाट राहतो असे नाही. फुटबॉलचे तुकडे सपाटच कापतात, गोलाई येते ती त्यांच्या जोडणीतून. खळग्याचे आज मांडले जाणारे प्रारूप असेच बहुपृष्ठकाचे, म्हणजे अनेक सपाट पृष्ठांनी बनलेल्या आकाराचे आहे. त्यातच ही चकती पटलाच्या दोन थरांपैकी फक्त आतल्या थरात रुतते आणि तिथल्या मेदरेणूंना बाजूला सारते, त्यामुळे दोन थरांचा तोल बिघडतो. ई. कोलाय जिवाणूत असे खळगे मुळीच नसतात, तरी त्यात कॅव्हिओलिन तयार करवले की पटलापासून इवल्या पुटिका, म्हणजे पिशव्या, सुटतात. म्हणून वाकवण्याची ताकद कॅव्हिओलिनमध्ये आहे, या विधानावर मी ठाम आहे.

मात्र आपल्या पेशींत ते एकट्याने भागत नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातून काढलेल्या पीसी-३ पेशींत कॅव्हिओलिन भरपूर असते, पण खळगे नसतात, कारण कॅव्हिन-१ हे जोडीचे प्रथिन नसते. ते पुरवले की खळगे उमटतात. कोलेस्टेरॉल काढून घेतले तर असलेलेही सपाट होतात.

उंदरांचे म्हणाल, तर ते जगतात हे खरे, पण कसे? फुफ्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंती जाड, व्यायामाची ताकद कमी, आयुष्यही तोकडे. खळग्यांची गरज कळते ती पेशीवर ताण आल्यावर. २०११च्या प्रयोगांत पेशी ताणली किंवा फुगवली, तेव्हा खळगे उलगडून पटलाला जादा जागा मिळाली आणि ताण आवरला गेला. कॅव्हिओलिन-३मध्ये, म्हणजे कॅव्हिओलिनच्या स्नायूंतल्या प्रकारात, दोष असलेल्या रुग्णांच्या स्नायूपेशींना हे जमले नाही. माणसात कॅव्हिन-१चे जनुक निकामी झाले तर अंगावरची चरबी जवळजवळ नाहीशी होते आणि स्नायूही दुबळे होतात. अशी माणसेही ‘जगतात’च. त्यांच्या आजाराचे मूळ या खळग्यांत असताना खळग्यांना किरकोळ कसे म्हणायचे?