बोर्ड तापत होता, त्या वेळेबद्दल

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्या कार्यशाळेत दिवसभर थांबूनही मनासारखा छापील सर्किट बोर्ड तुमच्या हाती लागला नाही, याचं आम्हाला वाईट वाटलं. त्याबद्दल क्षमस्व.

दोन तारे दिलेत, ते तुमचं मत आहे आणि तो तुमचा हक्कही आहे. पण खाली तुम्ही लिहिलंय, "छपाई वीस मिनिटांची म्हणून सांगतात आणि अर्धा दिवस तापणाऱ्या यंत्रासमोर बसवून ठेवतात. वेळ काढून फी वसूल करतात. एवढं करून ट्रॅक उखडले ते उखडलेच." ट्रॅकबद्दल, म्हणजे बोर्डवरच्या वीज वाहणाऱ्या रेघांबद्दल, पुढे लिहितो. "वेळ काढून" हे दोन शब्द मात्र फार लागले. प्रिंटरवर चांदीच्या शाईने सर्किट छापायची, विद्यार्थ्यांसाठीची ही कार्यशाळा मी चालवतो. माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं घर त्यावर चालतं. पुढच्या बॅचची चौकशी करणारे पालक आणि शिक्षक फोन करण्याआधी हेच अभिप्राय वाचतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

वीस मिनिटं हा फक्त प्रिंटरच्या नोझलने बोर्डवर शाई ओढण्याचा वेळ, हे सकाळी सर्वांना सांगितलं होतं. ही शाई म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट द्रव. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ दिली नाही तर कुठे जाड, कुठे तुटक उतरते. मग बोर्ड घट्ट बसवायचा. प्रिंटरची सुई बोर्डला ठिकठिकाणी टेकून त्याचा उंचसखलपणा मोजते, कारण नोझल आणि बोर्ड यांच्यातलं अंतर जरासं चुकलं तरी रेघ पसरते किंवा उमटतच नाही. त्यानंतर कोपऱ्यात चाचणीची नक्षी काढायची, शाईचा प्रवाह बघायचा आणि मगच तुमचं सर्किट छापायला घ्यायचं. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो लागू दिला नाही तर शाई फुकट जाते.

छापून झालेली रेघ दिसते चकचकीत, पण ती ओली असते. बोट लागलं तर पुसली जाते. बोर्ड साधारण २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजावा लागतो. तेव्हा त्यातला द्रव उडून जातो, चांदीचे कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहायला सलग वाट तयार होते. हा अर्धा तास आम्ही ठरवलेला नाही, शाईच तो मागते. तुम्ही मध्येच दोनदा म्हणालात, "झालं असेल, काढूया ना आता." आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने नकार दिला आणि तो उद्धट वागला असं तुम्ही लिहिलंत. तो उद्धट नव्हता, तो तुमचा बोर्ड वाचवत होता. भट्टीतून अर्धकच्चं काढलेल्या मडक्यात पाणी टिकत नाही, तसंच हे. अर्धवट भाजलेल्या ट्रॅकचा रोध जास्त राहतो, नखाने त्याची भुकटी निघते आणि वीज वाहते का ते तपासणारा मल्टिमीटर कधी बीप देतो, कधी देत नाही. असा बोर्ड घेऊन घरी गेला असतात, तर दोष शोधण्यात तुमची अख्खी रात्र गेली असती. शिवाय तुमचं सर्किट दोन बाजूंचं होतं. म्हणजे छापणं दोनदा, भाजणं दोनदा, मध्ये थंड होऊ देणं आणि भोकांमध्ये दोन्ही बाजू जोडणारे रिवेट बसवणं. एका बाजूचं सर्किट आणलेल्या मुली दुपारी जेवायच्या आधी मोकळ्या झाल्या, हे तुम्हीही पाहिलंत.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करत होतो. नोंदणी झाल्यावर सर्वांना पाठवलेल्या सूचनेत लिहिलं होतं की ट्रॅकची रुंदी आणि दोन ट्रॅकमधलं अंतर ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि गर्बर फाइल, म्हणजे बोर्डच्या नक्षीची फाइल, आदल्या दिवशी पाठवा. तुमची फाइल सकाळी आली, आणि तीत एका आयसीभोवतीचं (चिपभोवतीचं) अंतर ०.१५ होतं. ते छापलं असतं तर शेजारचे ट्रॅक एकमेकांना चिकटले असते. आमच्या सहकारी ताई तुमच्याबरोबर बसल्या, तुमच्याकडूनच ते आयसी सरकवून घेतलं, ट्रॅक पुन्हा ओढून घेतले. तोवर तुमची पाळी पुढे गेली. प्रिंटर एक आहे आणि बोर्ड अनेकांचे. बाकीच्यांना थांबवून तुमचा बोर्ड आधी घेणं आम्हाला योग्य वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आता ट्रॅक उखडण्याबद्दल. छापील बोर्डवर नेहमीचं सोल्डर, म्हणजे सुटे भाग जोडायला वितळवतात तो धातू, चालत नाही. टिन-शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसं नसलेलं त्याहून वर. आम्ही देतो ते कथील आणि बिस्मथचं, किंचित चांदी मिसळलेलं, जे १३८ अंशांच्या आसपास वितळतं. वितळलेलं कथील चांदी विरघळवून खातं. तापमान जितकं जास्त, सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक जितका वेळ टेकवून ठेवाल, तितकं जास्त. म्हणून प्रत्येक टेबलावर कागद लावलाय की आयर्न २०० च्या वर नेऊ नका आणि पॅडला, म्हणजे भागाचा पाय जोडायच्या छापील ठिपक्याला, क्षणभरच टेकवा. तुमच्या आयर्नवर आकडा ३५० दिसला, तेव्हा आम्ही तो खाली आणला. पण तोवर दोन पॅड गेले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या बोर्डवर ३५० ची सवय असते, ते समजतं. म्हणूनच तिथे कुणी तुम्हाला बोललं नाही. पण त्याच पॅडचा दोष आमच्या शाईवर टाकलेला वाचून वाईट वाटलं.

तांब्याचा बोर्ड याहून सरस असतो, असं तुम्ही म्हणता, आणि मोटर चालवायची असेल तर ते खरंच आहे. तांब्याचा साधा ३५ मायक्रॉनचा थर या शाईपेक्षा बराच कमी रोध दाखवतो. आम्ही पहिल्या तासातच हे मोजून दाखवतो. हा प्रिंटर कशासाठी, तर सकाळी मनात आलेलं सर्किट त्याच दिवशी हातात यावं, चूक लगेच दिसावी आणि नको असलेलं तांबं खाऊन टाकणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या ट्रेवर वाकून न बसता ते व्हावं. विद्यार्थ्याला आपण काढलेली रेघ डोळ्यांसमोर उमटताना दिसते, तेव्हा त्याला काय मिळतं ते मी रोज पाहतो. त्यासाठीच हे यंत्र घेतलं, आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

थांबावं लागतं त्या वेळेचं काहीतरी करायला हवं, हे मान्य आहे. बोर्ड भाजत असताना करता येईल असा एखादा सराव ठेवण्याचा विचार चालू आहे, वेळापत्रकही जरा मोकळं करू. दोन बाजूंच्या बोर्डासाठी वेगळी वेळ देता येते का, तेही बघतोय.

तुमची दुरुस्त केलेली फाइल आमच्याकडे जपून ठेवली आहे. कधीही या, तोच बोर्ड पुन्हा छापू, शाईचे पैसे घेणार नाही. तारे बदला असं म्हणत नाही. फक्त "वेळ काढून फी वसूल करतात" एवढी ओळ काढता आली तर बघा. तो वेळ तुमच्याच बोर्डवर गेला होता.

— कार्यशाळा चालक