आषाढ पौर्णिमेला नेमके काय घडले?

आषाढ महिना लागला की एक संदेश न चुकता फिरू लागतो. त्याचा आशय असा, की आषाढ पौर्णिमेला महर्षी व्यासांचा जन्म झाला, याच तिथीला गौतम बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला आणि याच तिथीला भगवान महावीरांना पहिला शिष्य लाभला. म्हणून हिंदू, बौद्ध व जैन हे तिन्ही धर्म हजारो वर्षे एकच गुरुपौर्णिमा पाळत आले आहेत. शेवटी ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ हा वेदमंत्र असल्याचे, ‘गु’ म्हणजे अंधार व ‘रु’ म्हणजे तो घालवणारा असा गुरु शब्द बनल्याचे आणि ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन इंग्रजांनी लादल्याचेही त्यात सांगितलेले असते. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु यातले बरेचसे त्या त्या परंपरेच्या ग्रंथांशी जुळत नाही.

व्यासजन्माची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. पराशर आणि सत्यवती यांचा हा पुत्र यमुनेतल्या बेटावर जन्मला, म्हणून तो द्वैपायन, असे तेथे म्हटले आहे. तिथी मात्र सांगितलेली नाही. ती नंतरच्या श्रद्धेने जोडली गेली. शिवाय विष्णुपुराण प्रत्येक द्वापरयुगात एक याप्रमाणे २८ व्यासांची नावे देते आणि कृष्णद्वैपायन त्यांतले शेवटचे आहेत, म्हणजे पुराणकारांच्या दृष्टीने ‘व्यास’ हे मुळात वेदांची विभागणी करणाऱ्याचे पद आहे. संन्याशांच्या मठांत या दिवशी होते ती व्यासपूजा, आणि तिच्यात व्यास एकटे नसतात. पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतू हे त्यांचे शिष्यही त्यांच्यासोबत पुजले जातात.

बुद्धांविषयीचे विधान तिथीपुरते परंपरेला धरून आहे. इसिपतनच्या मृगदावात, म्हणजे आजच्या सारनाथला, कौंडिण्यादी पाच जणांना केलेला पहिला उपदेश थेरवादी परंपरा आषाढ पौर्णिमेलाच मानते, आणि श्रीलंका व थायलंडमध्ये तो दिवस मोठ्या श्रद्धेने पाळला जातो. पण तेथे स्मरण होते ते धर्मचक्रप्रवर्तनाचे आणि भिक्खुसंघाच्या आरंभाचे; गुरूच्या गादीचे नव्हे. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बानसुत्तात तर बुद्धांनी आपल्यामागे कोणाही व्यक्तीला न नेमता, धम्म आणि विनय (संघाचे नियम) हेच तुमचे शास्ते, म्हणजे गुरू, होतील, असे आपला शिष्य आनंद याला बजावले आहे. (आपल्याकडे या संदेशामुळे आणखी एक गोंधळ होतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर साजरा होणारा धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेचा आहे. त्याचा आषाढाशी संबंध नाही.)

जैन परंपरेच्या बाबतीत संदेशकर्त्याने अर्धेच वाचलेले दिसते. दिगंबर मतानुसार महावीरांना वैशाख शुक्ल दशमीला केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झाले. त्यांची वाणी झेलू शकेल असा गणधर, म्हणजे पट्टशिष्य, नसल्यामुळे ते ६६ दिवस मौन राहिले आणि इंद्रभूती गौतम शिष्य झाल्यावर राजगृहाच्या विपुलाचलावर दिव्यध्वनी, म्हणजे त्यांची उपदेशवाणी, प्रकटला. ती तिथी श्रावण कृष्ण प्रतिपदा, अर्थात पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या उत्तरेकडच्या पौर्णिमान्त गणनेने. आपल्या पंचांगात तोच दिवस आषाढ वद्य प्रतिपदा ठरतो, म्हणजे आषाढ पौर्णिमेचा दुसरा दिवस. शिष्य लाभल्याची तिथी म्हणून आदली पौर्णिमा धरली जाते, ती या हिशेबाने. श्वेतांबर परंपरा मात्र हे मौन मानतच नाही. तिच्या मते केवलज्ञानाच्या दुसऱ्याच दिवशी, वैशाख शुक्ल एकादशीला, पावापुरीत इंद्रभूतींसह अकराही गणधरांनी दीक्षा घेतली आणि तीर्थाची, म्हणजे जैन संघाची, स्थापना झाली. तेव्हा ‘जैन धर्मानुसार’ असे एकमुखाने म्हणताच येत नाही.

मग तिन्ही परंपरांना या पौर्णिमेचे इतके महत्त्व का? माझ्या मते त्याचे उत्तर जन्मतिथींपेक्षा पावसात शोधावे. वर्षभर भटकणाऱ्या साधूला या सुमारास एका जागी थांबावे लागते. विनयपिटक या बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथातल्या महावग्गात हे फार मोकळेपणाने नोंदले आहे : इतर पंथांचे साधूही पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, आणि हे शाक्यपुत्रीय श्रमण, म्हणजे बुद्धांचे भिक्खू, मात्र हिरवे गवत व बारीक जीव तुडवत हिंडतात, अशी लोकांनी कुरकूर केली, तेव्हा बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. त्याचा आरंभ आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होतो. जैन मुनींचा चातुर्मासही याच सुमारास बसतो, आणि संन्यासी व्यासपूजा करूनच चातुर्मासाचा संकल्प सोडतात. ‘पक्षो वै मासः’, म्हणजे पंधरवडा हाच महिना, या न्यायाने चार महिन्यांचे चार पक्ष करून त्यांतले पुष्कळजण भाद्रपद पौर्णिमेला मोकळे होतात. गुरू एका जागी सापडतो तो याच दिवसांत, त्यामुळे शिष्यांनी याच वेळी त्याच्याकडे जावे हे ओघानेच आले. समान आहे तो हा ऋतू आणि त्याने घडवलेला नेम. एकाच तिथीवर तीन चमत्कार बसवण्याची गरज नाही.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ नको. ‘गुरुर्ब्रह्मा’ हा श्लोक गुरुगीतेतला आहे आणि ती स्कंदपुराणाचा भाग म्हणून ओळखली जाते. वेदसंहितांत तो नाही. वैदिक वचनच हवे असेल तर तैत्तिरीय उपनिषदातले ‘आचार्यदेवो भव’ आहे, आणि त्याच्या लगोलग तोच आचार्य शिष्याला सांगतो की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर घेऊ नकोस. हा दुसरा भाग कोणी पुढे पाठवताना दिसत नाही.

‘गु’ आणि ‘रु’ची फोड अद्वयतारक उपनिषदात आणि गुरुगीतेत आहे खरी, पण ती अर्थ खुलवण्यासाठी केलेली आहे. शब्दाचा मूळ अर्थ ‘जड, भारदस्त’. लघु-गुरु मात्रा मोजणाऱ्याला आणि गुरुत्वाकर्षण शिकलेल्याला तो वेगळा सांगायला नको.

राहिला शिक्षक दिन. तो सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी पाळला जातो आणि त्याची सुरुवात १९६२ साली, ते राष्ट्रपती झाल्यावर झाली. इंग्रज तेव्हा जाऊन १५ वर्षे झाली होती.