बाइकवरच्या सीबीला वॉट कमी पडत नाहीत, जमीन कमी पडते

टूरिंग बाइकवाल्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मोठ्या राइडची तयारी सुरू झाली की कुणीतरी तो पुन्हा पाठवतं. मजकूर थोडक्यात असा: बाइकवरचा सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचा वायरलेस, किलोमीटर-दीड किलोमीटरवर मान टाकतो, कारण ४ वॉटमध्ये दम नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर जोडा, रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल बरोबर १८ फूट ठेवा, मागे दोन अँटेना लावा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून रेडिओकडे किती ताकद परत येते, ते सांगणारा आकडा) १ वर आल्याशिवाय थांबू नका. खाली पुरावाही असतो: हे सगळं केलेल्या एकाचं हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलणं झालं.

आठ-दहा गाड्यांच्या रांगेत पुढच्याने ‘वळणावर खडी सांडलीय’ म्हणून सांगावं आणि शेवटच्याला नुसती खरखर ऐकू यावी, हे मी अनुभवलंय. रेडिओ असूनही निरोप पोचला नाही, याची धास्ती त्यानंतर बरेच दिवस मनातून गेली नव्हती. त्यामुळे लोक या मेसेजवर पैसे घालतात, रेंज तिथेच राहते आणि शेवटी रेडिओच बंद ठेवून निघतात, हे पाहवत नाही. मेसेजमधला एकेक दावा घेतो.

‘४ वॉट कमी पडतात, अ‍ॅम्प्लिफायर लावा’

अमेरिकेत सीबीला एएमवर ४ वॉटची मर्यादा आहे. ती बाइकला आहे, तशीच मोटारीला आणि ट्रकलाही आहे. तेवढ्याच वॉटवर ट्रकवाले आरामात बोलतात आणि बाइकवाला तुटतो, तेव्हा फरक वॉटमध्ये नाही एवढं तरी उघड आहे.

आता हिशेब. सपाट जमिनीलगत सिग्नलची ताकद साधारण अंतराच्या चौथ्या घाताने पडत जाते. म्हणजे अंतर दुप्पट करायचं तर ताकद सोळापट हवी: ४ चे ६४ वॉट. तेही फक्त बोलण्यापुरतं. अ‍ॅम्प्लिफायरने तुमचा आवाज लांब जातो, समोरच्याचा आवाज तुमच्यापर्यंत आणण्यात त्याचा काडीचा उपयोग नसतो. उत्तर ऐकायचं असेल तर रांगेतल्या प्रत्येकाने तो लावायला हवा. शिवाय दोन्ही अँटेनांचे शेंडे जमिनीपासून दोनेक मीटरवर असले तर प्रत्येकाचं क्षितिज जेमतेम पावणेसहा किलोमीटर, दोघांचं मिळून साडेअकरा. तेही मैदानात. डोंगर आडवा आला की हा आकडाही विसरायचा.

१०० वॉट बाहेर टाकणारा अ‍ॅम्प्लिफायर गाडीकडून दोनशेच्या आसपास वॉट खेचतो, म्हणजे पंधराएक अँपियर. फॉग लॅम्प, गरम जॅकेट, फोनचं चार्जिंग यांतून टूरिंग गाडीच्या अल्टरनेटरकडे उरतं किती, ते ज्याचं त्याने मोजावं. मागे बसणाऱ्याच्या डोक्यापासून अँटेना हातभर अंतरावर असतो, हेही विसरू नये. आणि जिथे ४ वॉटची मर्यादा आहे तिथे हा प्रकार सरळसरळ बेकायदा आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

मग आग कुठे आहे? सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झवर, तिथे तरंगलांबी ११ मीटर. पाव तरंगलांबीचा पूर्ण अँटेना म्हणजे पावणेतीन मीटरची काठी. बाइकवर ती कोण लावणार? आपण सव्वा-दीड मीटरची लावतो आणि उरलेली लांबी कॉइलमध्ये गुंडाळतो. पण खरी मेख पुढे आहे. पाव तरंगलांबीचा अँटेना हा मुळात अर्धाच अँटेना असतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे त्याच्या खालचं धातूचं अंग, ज्याला रेडिओवाले ग्राउंड म्हणतात. मोटारीला पत्र्याचं छत असतं. बाइकला काय असतं? प्लॅस्टिकचं फेअरिंग, प्लॅस्टिकचा टॉप बॉक्स, रबराच्या बुशांवर बसवलेलं कॅरिअर आणि त्यावर जाड पावडर कोटिंग केलेला ब्रॅकेट. अँटेनाला पाय ठेवायला जागाच नाही.

सव्वा मीटरच्या काठीचा जो भाग खरोखर लहरी फेकतो, त्याचा रोध जेमतेम ५ ओहम भरतो. कॉइल आणि खराब ग्राउंड मिळून २० ओहम खात असतील, तर ४ वॉटमधला पाचवा हिस्सा, म्हणजे ०.८ वॉट हवेत जातो. बाकीच्याची उष्णता होते. ती गळती २० वरून १० ओहमवर आणली की तोच रेडिओ १.३ वॉट फेकतो, नवं काही विकत न घेता.

माझ्या गाडीवर हा दोष एका बोल्टखाली होता. मल्टिमीटरने ब्रॅकेट ते फ्रेम तपासलं की शून्य ओहम दिसायचे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. एकदा बोल्ट काढला, तर वॉशरखाली काळा रंग जसाच्या तसा होता. जोड लागत होता तो फक्त आट्यांमधून, आणि तिथून पुढे मीटरभर लांब बारीक वायरीने फ्रेमपर्यंत. बॅटरीच्या करंटला ती वायर चालते. २७ मेगाहर्ट्झला मात्र मीटरभर बारीक वायर दोनशे ओहमच्या आसपास अडथळा करते. मल्टिमीटर खोटं बोलत नव्हता, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

पॉलिश पेपरने रंग घासून पांढरा धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला. ब्रॅकेटपासून फ्रेमपर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी टाकली, वीतभर लांबीची. अशीच एक कॅरिअरला, एक सायलेन्सरच्या क्लॅम्पला. पट्टी रुंद आणि आखूडच हवी, कारण एवढ्या फ्रिक्वेन्सीचा करंट तारेच्या पोटातून जात नाही, वरच्या कातडीवरून धावतो. जोडांवर ग्रीस लावलं, नाहीतर पहिल्या पावसात गंज धरतो.

‘एसडब्ल्यूआर १ वर आणा’

त्या दिवशी ग्राउंड सुधारल्यावर मीटर लावला आणि एसडब्ल्यूआर १.४ चा १.९ झालेला. मेसेज प्रमाण मानला असता, तर केलेलं सगळं उलटं फिरवलं असतं. पण नेहमीच्या ज्या वळणापलीकडे जोडीदाराचा आवाज विरायचा, तिथे तो आता सरळ ऐकू येत होता.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रेडिओला समोर ५० ओहम हवे असतात. आखूड अँटेनाचे स्वतःचे ५, त्यात गळतीचे ३० मिळाले की ५० च्या जवळ जातात आणि मीटर खूश होतो. गळती कमी केली की बेरीज कमी होते आणि मीटर रुसतो. ५० ओहमचा नुसता रोधक टोकाला लावला तर मीटर बरोबर १ दाखवतो आणि हवेत काहीही जात नाही. एसडब्ल्यूआर सांगतो की ताकद रेडिओकडे परत किती येते. जी गेली तिचं पुढे काय झालं, ते तो सांगत नाही.

परत येणाऱ्या ताकदीचे आकडे पाहा: १.५ ला ४ टक्के, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे १.५ चा १ करण्यात जीव काढून मिळणार ४ टक्के, ते कुणाच्याही कानाला कळत नाहीत. ३ च्या वर मात्र रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला धोका असतो, तिथे दुर्लक्ष नको. १.५ ते २ च्या दरम्यान स्वस्थ राहावं.

मोजताना गाडी मोकळ्यावर, भिंतीपासून दूर उभी करा, टॉप बॉक्स बंद ठेवा आणि स्वतः गाडीवर बसा, कारण तुमचं शरीरही त्या आकड्यात येतं. चॅनल १ वरचा आकडा चॅनल ४० वरच्यापेक्षा जास्त आला तर काठी आखूड आहे, चॅनल ४० वर जास्त आला तर लांब. माइकच्या वायरीला हात लावल्यावर आकडा हलत असेल, तर ट्यूनिंग तिथेच थांबवा आणि ग्राउंडकडे वळा. करंट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून तुमच्यापर्यंत येतोय.

‘केबल १८ फूटच हवी’

हा दावा सगळ्यात चिवट आहे, कारण त्यात सत्याचा कण आहे. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर, हवेतली अर्धी तरंगलांबी. पण केबलमध्ये लहर हवेच्या ६६ टक्के वेगानेच जाते, त्यामुळे नेहमीच्या केबलमधली अर्धी तरंगलांबी भरते १२ फूट, आणि १८ फूट होतात पाऊण तरंगलांबी. दोन अँटेना जोडण्याच्या ७५ ओहमच्या केबलला ही पाऊण लांबी खरोखर लागते. बिनग्राउंडच्या तयार किटमध्येही केबल मापाची असते, कारण तिथे केबलची जाळीच ग्राउंडचं काम करते. ती कापू नये आणि घट्ट वेटोळं करून सीटखाली कोंबूही नये.

साध्या एका अँटेनाला ५० ओहमची केबल लागेल तेवढीच ठेवा. लांबी बदलून रीडिंग बदलत असेल, तर ते पुन्हा वरचंच दुखणं आहे.

‘दोन अँटेना म्हणजे दुप्पट रेंज’

दोन अँटेनांच्या जोडीचा फायदा व्हायला त्यांच्यात निदान पाव तरंगलांबी, पावणेतीन मीटर अंतर लागतं. ट्रकच्या दोन आरशांवर ते जवळपास मिळतं. बाइकच्या मागच्या दोन काठ्यांत मिळतं पाऊणेक मीटर. एवढ्या जवळ त्या एकमेकींचं ट्यूनिंग बिघडवतात, पदरात काही पडत नाही. हा समज बहुधा मोठ्या टूरिंग गाड्यांकडे पाहून पसरला असावा. मागे दोन काठ्या दिसतात खऱ्या, पण त्यातली एक सीबीची आणि दुसरी गाण्यांच्या एफएम-एएमची असते.

हजार किलोमीटरच्या पुराव्याबद्दल एवढंच: सूर्यावरचे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्रात वाढतात, त्या काळात २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात आणि वाकड्यातिकड्या अँटेनावरूनही परदेश गाठतात. त्याच दिवशी तुमच्या मागच्या गाडीला तुम्ही ऐकू येत नसाल.

मेसेजमध्ये जे मुळीच नाही, ते म्हणजे आपल्याच गाडीचा गोंगाट. रेंज म्हणजे समोरचा आवाज खरखरीच्या वर किती राहतो, एवढंच. ग्राउंड खराब असलं की केबलची जाळीच अँटेना बनते, आणि ती जाते इग्निशन, चार्जर, एलईडी यांच्या वायरींना घासून. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, टकटक स्पार्क प्लगची. प्लग रेझिस्टरवाले हवेत, रेडिओची पॉवर थेट बॅटरीवरून हवी. खरखर नको म्हणून स्क्वेल्च (ठरावीक ताकदीखालचं सगळं गप्प करणारं बटण) चढवून ठेवला, तर लांबचा माणूस त्याच्याच खाली गाडला जातो.

तपासायला वेगळं साधन लागत नाही. इंजिन बंद, रेडिओ चालू, स्क्वेल्च पूर्ण उघडा, चॅनल मोकळा. मग एकेक वस्तू चालू-बंद करत रेडिओवरच्याच एस-मीटरकडे, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद ‘एस’मध्ये दाखवणाऱ्या काट्याकडे, बघा. माझ्याकडे इंजिन बंद असताना काटा ४ वर बसलेला होता. एलईडी बंद केले, तसाच. डॅशकॅम काढला, किंचित हलला. सीटखालचा फोनचा चार्जर उपसला आणि काटा २ वर आला, खरखर मागे सरकली. मीटरची मोजपट्टी खरी धरली तर दोन एस म्हणजे १२ डेसिबल, म्हणजेच सोळापट. रांगेतल्या प्रत्येकाने ६४ वॉट लावून मला जेवढं ऐकू आलं असतं, तेवढं तो एक चार्जर काढल्यावर ऐकू येऊ लागलं.