‘ब्रेडीला मिळाली ती शिक्षा योग्यच होती’ या दाव्याला उत्तर

सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या ‘एनएफएल’ या लीगचा अंतिम सामना, जवळ आला की ‘डिफ्लेटगेट’बद्दलचा एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू टॉम ब्रेडी याने चेंडूंतली हवा काढायला लावली हे सिद्ध झालं. चौकशी लागल्यावर त्याने फोन नष्ट केला. फसवणूक करणाऱ्याला चार सामने बाहेर बसवणं ही काही मोठी शिक्षा नव्हे. कोर्टानेही ती कायम ठेवली. कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला, हे अधिकार खेळाडूंच्या संघटनेनेच सही करून दिले होते. आणि ती भोगली त्याच हंगामात तो सुपर बोलही जिंकला, मग अन्याय कसला?

मला पेट्रियट्सबद्दल प्रेम नाही आणि ब्रेडी धुतल्या तांदळासारखा होता असंही मी म्हणत नाही. तो दोषी होता असं धरून चाललो, तरी त्याला झालेली शिक्षा अन्यायाचीच होती, एवढंच मला दाखवायचं आहे. ज्यांना ब्रेडी मुळीच आवडत नाही त्यांनीही हे नीट पाहायला हवं, कारण ज्या कलमाखाली त्याला शिक्षा झाली ते लीगमधल्या प्रत्येक खेळाडूला लागू आहे.

‘हवा काढली हे सिद्ध झालं.’

१८ जानेवारी २०१५ची संध्याकाळ, फॉक्सबरोचं मैदान, पेट्रियट्सचा इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध एएफसीचा, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, अंतिम सामना. क्रिकेटमध्ये चेंडू पंचांच्या ताब्यात असतो. इथे प्रत्येक संघ आपले डझनभर चेंडू स्वतः तयार करतो आणि सामन्याआधी पंचांकडून तपासून घेतो. हवेचा दाब १२.५ ते १३.५ पीएसआयच्या (दाब मोजण्याचं एकक) दरम्यान हवा, असा नियम आहे. ब्रेडीला मऊ चेंडू आवडायचा, म्हणून पेट्रियट्सचे चेंडू १२.५च्या आसपास भरलेले होते, म्हणजे खालच्या मर्यादेला अगदी चिकटून. कोल्ट्सचे १३च्या आसपास होते. मध्यंतरात पेट्रियट्सचे ११ चेंडू मोजले तेव्हा सगळे १२.५च्या खाली निघाले. इथपर्यंत वाद नाही.

पण बाहेर साधारण ९ अंश सेल्सियस तापमान होतं आणि चेंडू भरले होते उबदार खोलीत. थंडीत बंद हवेचा दाब उतरतो, हे शाळेतलं भौतिकशास्त्र. लीगच्या वकिलांनी नेमलेल्या ‘एक्स्पोनंट’ या कंपनीनेच हिशोब मांडला की कोणी हात न लावताही हे चेंडू ११.३२ ते ११.५२पर्यंत उतरायला हवे होते. मध्यंतरात दोन मापकं वापरली गेली. एकावर पेट्रियट्सच्या चेंडूंची सरासरी आली ११.४९, दुसऱ्यावर ११.११. म्हणजे पहिलं मापक धरलं तर थंडीने सगळा उलगडा होतो आणि दुसरं धरलं तर होत नाही. मग सामन्याआधी मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांनी कोणतं वापरलं होतं? त्यांच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे पहिलं. लीगने चौकशीसाठी नेमलेले वकील टेड वेल्स यांच्या २४३ पानी अहवालात अँडरसन यांच्या इतर बहुतेक आठवणी ग्राह्य धरल्या आहेत. एवढी एक मात्र बाजूला ठेवली, आणि प्रकरण उभं राहिलं ते नेमकं तिच्यावर. कोल्ट्सचे फक्त चार चेंडू मोजले, तेही नंतर, उबदार खोलीत थोडा वेळ राहिल्यावर. बाकीच्यांसाठी वेळ उरला नाही. त्या चारांपैकी तीन एका मापकावर १२.५च्या खाली होते.

ब्रेडीच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टीही अहवालात आहेत, त्या लपवायचं कारण नाही. पंचांच्या खोलीची व्यवस्था पाहणारे जिम मॅकनॅली तपासलेले चेंडू परवानगीशिवाय घेऊन निघाले आणि वाटेत एका स्वच्छतागृहात १ मिनिट ४० सेकंद थांबले. काही महिन्यांपूर्वीच्या एका संदेशात त्यांनी स्वतःला ‘डिफ्लेटर’ म्हणजे हवा काढणारा म्हटलं होतं. संशय घ्यायला हे पुरेसं आहे, मीही घेतो. पण वेल्स यांचा निष्कर्ष काय होता? ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त’ एवढ्या मापाने, ब्रेडीला या प्रकाराची ‘निदान सर्वसाधारण कल्पना’ होती. फिरणाऱ्या मजकुरात मात्र याचं ‘त्याने करवून घेतलं हे सिद्ध झालं’ असं होतं.

सामान्य प्रेक्षकांचं मत तर त्याच्याही आधी पक्कं झालं होतं. सामन्यानंतर दोनच दिवसांत बातमी आली की बारापैकी अकरा चेंडू प्रत्येकी २ पीएसआयने कमी निघाले. मोजमापात तसं नव्हतं. खरे आकडे लीगकडे होते, पण ते लोकांपुढे आले मे महिन्यात, अहवालाबरोबर. पुढच्या हंगामात लीगने काही सामन्यांच्या मध्यंतरात दाब मोजायला सुरुवात केली. थंडीत इतर संघांचे चेंडू किती उतरतात हे त्यातून एका फटक्यात कळलं असतं. ते आकडे लीगने कधीच जाहीर केले नाहीत.

‘फोन नष्ट केला, म्हणजे चोरच.’

फोन नष्ट करणं वाईट दिसतं आणि ब्रेडीने ते करायला नको होतं. वेल्स यांच्यासमोर जबाब झाला त्याच सुमारास जुना फोन नष्ट झाला, आणि आपण फोन बदलताना नेहमीच असं करतो हे त्याचं स्पष्टीकरण अनेकांना पटलं नाही. ठीक आहे. पण वेल्स यांनी अपिलाच्या सुनावणीत शपथेवर दोन गोष्टी मान्य केल्या: आपल्याला फोन नको होता, फक्त त्यातले संबंधित संदेश हवे होते, आणि ते न दिल्यास शिक्षा होईल असं आपण ब्रेडीला कधी सांगितलं नव्हतं. मॅकनॅली आणि त्यांचे सहकारी जॉन जॅस्ट्रेम्स्की यांचे संदेश तर चौकशीकडे आधीच होते.

चौकशीला सहकार्य न करण्याची शिक्षा किती, याचं उदाहरण लीगच्याच दप्तरात होतं. २०१०मध्ये एका महिलेला पाठवलेल्या संदेशांच्या प्रकरणात ब्रेट फाव्र या खेळाडूने सहकार्य केलं नाही असं कमिशनर रॉजर गुडेल यांनीच ठरवलं. शिक्षा: ५०,००० डॉलर दंड. एकाही सामन्याचं निलंबन नाही.

‘फसवणुकीला चार सामने ही काही मोठी शिक्षा नव्हे.’

मला सर्वांत जास्त सलतो तो हा मुद्दा, कारण वाचणाऱ्याला तो लगेच पटतो आणि मागची उदाहरणं कोणी काढून बघत नाही.

३० नोव्हेंबर २०१४, म्हणजे ब्रेडीच्या प्रकरणाच्या सात आठवडे आधी, मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत व्हायकिंग्ज आणि पँथर्सचा सामना झाला. कडेला उभे असलेले मदतनीस हीटरवर चेंडू शेकताना टीव्हीवर दिसले. तपासलेल्या चेंडूशी केलेली छेडछाडच होती ती, कॅमेऱ्यासमोर. लीगने संघांना समज दिली. वेल्स नेमले नाहीत, २४३ पानं लिहिली गेली नाहीत. २००९मध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या एका कर्मचाऱ्याला किकिंगचा, म्हणजे लाथ मारण्यासाठीचा, चेंडू परवानगी नसलेल्या साधनाने तयार करायचा प्रयत्न केल्याबद्दल निलंबित केलं गेलं. ज्या किकरला त्याचा फायदा झाला असता त्याला कोणी हात लावला नाही. २००७च्या ‘स्पायगेट’मध्ये याच पेट्रियट्सने जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खुणा चित्रित केल्या. त्यांचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड झाला, संघाला अडीच लाख, आणि ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिल्या फेरीची निवड गेली. निलंबन कोणाचंच झालं नाही आणि खेळाडूंपर्यंत तर काहीच आलं नाही.

नियमपुस्तकात खेळाडूंसाठी काय लिहिलं होतं? हाताला किंवा कपड्यांना चिकट पदार्थ लावून चेंडूवरची पकड वाढवली, तर २०१४च्या हंगामात पहिल्या वेळी दंड होता ८,२६८ डॉलर. हेतू तोच, चेंडू हातात नीट बसावा. चेंडूंच्या दाबाबद्दलच्या नियमात दंडाचा आकडा २५,००० डॉलर होता. खेळाच्या सचोटीविषयीचं धोरण लीग पाठवत होती ती संघांच्या प्रमुखांना आणि मुख्य प्रशिक्षकांना, खेळाडूंना नव्हे. दुसऱ्याने केलेल्या गैरप्रकाराची ‘सर्वसाधारण कल्पना’ असल्याबद्दल निलंबन होऊ शकतं, असं खेळाडूला सांगणारा एकही कागद नव्हता.

मग चार हा आकडा आला कुठून? अपील फेटाळताना गुडेल यांनी तुलना केली ती स्टिरॉइड घेतल्याच्या पहिल्या गुन्ह्याशी. त्याला तेव्हा चार सामने होते खरे. पण ते खेळाडूंशी वाटाघाटी करून ठरवलेलं धोरण आहे. त्यात कोणते पदार्थ चालत नाहीत, चाचणी कशी होते आणि कितव्या वेळी काय शिक्षा, हे सगळं आधीच लिहिलेलं आहे. तिथला आकडा तेवढा उचलायचा आणि पुराव्याची शिस्त तिथेच ठेवायची, ही तुलना मला प्रामाणिक वाटत नाही.

शिवाय मधल्या मध्ये आरोपही वाढला. वेल्स यांच्या अहवालात ब्रेडीला नुसती ‘कल्पना’ होती. गुडेल यांच्या जुलै २०१५च्या निकालात तो कटात ‘सहभागी’ झाला आणि कर्मचाऱ्यांना बक्षिसं देणाराही ठरला. ज्या आरोपावर शिक्षा झाली त्यावर अपील करावं, तर निकाल लागेपर्यंत आरोपच बदललेला.

‘कोर्टानेही शिक्षा योग्य ठरवली.’

नाही ठरवली. सप्टेंबर २०१५मध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी शिक्षा रद्द केली: अशा शिक्षेची पूर्वकल्पना नव्हती, चौकशीची कागदपत्रं दिली नाहीत, आणि लीगचे मुख्य वकील जेफ पॅश यांची साक्ष घेऊ दिली नाही. याच पॅश यांनी ‘स्वतंत्र’ म्हणवलेल्या अहवालाच्या मसुद्यावर शेरे दिले होते. आणि तो अहवाल लिहिणारी वकिलांची फर्मच अपिलाच्या सुनावणीत लीगच्या बाजूने ब्रेडीची उलटतपासणी घ्यायला उभी होती. एप्रिल २०१६मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बर्मन यांचा निकाल फिरवला. त्या बहुमताने काय लिहिलं ते वाचावं: ब्रेडीने खरोखर काही केलं का, आणि शिक्षा तीन सामन्यांची हवी होती, पाचांची की मुळीच नको होती, हे ठरवणं आमचं काम नाही. अमेरिकेच्या कामगार कायद्यात लवादाचा निकाल कराराच्या चौकटीत बसतो का, एवढंच न्यायालय बघतं. तो शहाणपणाचा आहे का, हे बघत नाही. एका न्यायमूर्तींनी सुनावणीत पुरावा भक्कम असल्याचं म्हटलं होतं हे खरं, पण निकाल त्यावर उभा नाही. आणि मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट कॅट्झमन यांनी विरोधी मत लिहिलं. चिकट पदार्थाच्या दंडाचा कमिशनरने विचारच केला नाही, हा त्यांचा एक आक्षेप होता. बदललेला आरोप हा दुसरा.

‘संघटनेनेच अधिकार दिले होते.’

दिले होते. २०११च्या कराराच्या ४६व्या कलमाने शिक्षा देणारा कमिशनर आणि त्यावरचं अपील ऐकणाराही कमिशनरच. संघटनेने वाईट सौदा केला. पण संघमालकांनी नेमलेल्या माणसाने आपल्याच निर्णयावरचं अपील ऐकावं हे करारात लिहिल्याने कायदेशीर ठरतं, न्याय्य ठरत नाही.

‘शेवटी सुपर बोल जिंकलाच ना, काय बिघडलं?’

ब्रेडीचं फार बिघडलं नाही, मान्य. पण हा मुद्दा मांडणारे न्यू ऑर्लिन्स सेंट्सचं ‘बाउंटीगेट’ विसरतात. प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्यासाठी पैसे लावल्याच्या त्या प्रकरणात मार्च २०१२मध्ये मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण हंगामासाठी निलंबित केलं गेलं, आणि माझ्या मते ते योग्य होतं. मे महिन्यात चार खेळाडूंना शिक्षा झाल्या. जोनाथन विल्माला पूर्ण हंगाम, अँथनी हारग्रोवला आठ सामने, विल स्मिथला चार, स्कॉट फुजिताला तीन.

हारग्रोवविरुद्धचा एक पुरावा म्हणजे जानेवारी २०१०च्या सामन्यातली कडेची चित्रफीत. ब्रेट फाव्रला दुखापत झाली तेव्हा कोणीतरी ‘माझे पैसे दे’ असं म्हणतं, तो आवाज हारग्रोवचाच, असं लीगने ठामपणे सांगितलं. तो आपला आवाज नाही असं हारग्रोव सांगत राहिला. अखेर गुडेल बाजूला झाले आणि अपील माजी कमिशनर पॉल टॅग्लियाब्यू यांच्याकडे गेलं. ११ डिसेंबर २०१२ला त्यांनी चारही खेळाडूंच्या शिक्षा रद्द केल्या. तिघांचं वर्तन चुकीचं होतं हे त्यांनी मान्य केलं, फुजिताला पूर्ण दोषमुक्त केलं, आणि या सगळ्याचा मुख्य दोष प्रशिक्षकांवर आणि संघाच्या व्यवस्थेवर ठेवला. हारग्रोव चौकशीत खोटं बोलला असेल तर ते वरिष्ठांच्या दबावाखाली, हेही त्यांनी लक्षात घेतलं. त्या चित्रफितीतले शब्द त्याचेच, असं मानायला ते तयार झाले नाहीत. अपील ऐकणारा माणूस बदलला आणि चारही शिक्षा गेल्या.

हारग्रोव मात्र त्यानंतर नियमित हंगामातला एकही सामना खेळला नाही. शिक्षा डोक्यावर असतानाच ग्रीन बेने त्याला हंगामाआधी सोडलं होतं, पुढच्या वर्षी डॅलसनेही सोडलं. त्याच्याकडे ब्रेडीसारखे वकील नव्हते, नाव नव्हतं, आणि त्याची जागा भरायला दुसरा खेळाडू सहज मिळत होता.

२०२०च्या करारात वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांसाठी पहिला निर्णय दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. २०२२मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेला खेळाडू डेशॉन वॉटसन याचं प्रकरण माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी ऐकलं ते त्यामुळेच. तिथेही अपील कमिशनरकडेच किंवा तो नेमेल त्याच्याकडे. आणि खेळाच्या सचोटीची प्रकरणं, म्हणजे ब्रेडीवर लावलेलं कलम, अजून जशीच्या तशी कमिशनरच्या हातात आहेत. ती बाहेरच्या लवादाकडे द्यावीत आणि चेंडूशी छेडछाड केल्यास खेळाडूला काय शिक्षा, ते आकड्यानिशी लिहून खेळाडूंच्या हातात द्यावं. मग एखादा पुन्हा सापडला आणि त्याला चार सामने झाले, तर मी तक्रार करणार नाही.