गवताला हात लावू नका

घाटात माथ्यापर्यंत चढणारा भरघोस वणवा हवा असेल, तर तयारी दसऱ्यापासूनच करावी लागते. तयारी म्हणजे काहीच न करणे. पावसाळ्यात साइडपट्टीवर कमरेइतके वाढलेले गवत तेव्हा पिवळे पडू लागते. त्याच वेळी कोणी ते कापून गोठ्यात नेले, तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. मंत्र्यांचा दौरा असल्यामुळे कापावेच लागले, तर कापलेले तिथेच पसरू द्या. महिनाभरात ते उभ्या गवताहून छान वाळते. वर घाणेरी आणि रानमोडीची झुडपे राखून ठेवा, म्हणजे आगीला झाडावर चढायला शिडी मिळते.

गवत कोणाचे, हा प्रश्न मात्र सुटता कामा नये. डांबराच्या कडेची पट्टी बांधकाम विभागाची, पलीकडचा डोंगर वनविभागाचा, मधला तुकडा कोणा मुंबईकराचा. तिघांनी एकमेकांना पत्रे लिहीत राहावे. शिमगा येईपर्यंत तेवढे पुरते.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. त्याआधी, वारा पडलेला आणि दव असताना, माणसे उभी करून कडेचा पट्टा मुद्दाम जाळून घेतात, ती जाळरेषा. अशी चांगली पद्धत हाताशी असताना तिचे मातेरे करणे अगदी सोपे आहे. निधी उशिरा पाठवा. मग जाळरेषा मार्चमध्ये, भर दुपारी, वारा सुटल्यावर निघेल आणि तिला रेषेत राहायचा कंटाळा येईल.

आता तुमचा वाटा. विडीचे थोटूक खिडकीतूनच टाकायचे असते, गाडीतली रक्षापात्रे शोभेची. त्यातही ते डोंगराच्या बाजूला पडले तर काम फत्ते, कारण आग चढाला पळते. ज्वाळा वर झुकतात, पुढचे गवत आधीच भाजून ठेवतात. उतारावर तिला बिचारीला रांगत जावे लागते.

उपग्रहाचे दडपण घेऊ नका. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण आगीची सूचना थेट मोबाइलवर पाठवते, हे खरे. पण ज्याच्या भरवशावर ती निघते, तो ३७५ मीटरचा ठिपका टिपणारा अमेरिकी उपग्रह डोक्यावरून जातो साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला. चार वाजता पेटलेले गवत त्याच्यासाठी ताटकळत बसत नाही.

वनरक्षक आणि वाडीतली पोरे हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपायला येतील. तुम्ही गाडी थांबवून व्हिडिओ काढा, मागचे हॉर्न वाजवतील. १९२६ हा वनविभागाचा नंबर कोणी विचारलाच, तर रेंज नाही म्हणा. एखादा म्हातारा हळहळला, तर त्याला समजवा की जाळले की पुढच्या वर्षी गवत जोमाने येते. येतेच. जळालेली रोपटी आणि गवताच्या बुडाशी घरटे करणारे चंडोल त्यावर हरकत घ्यायला उरत नाहीत.

जूनच्या पहिल्या सरीत उघडा पडलेला डोंगर आपली माती गटारात आणून ओततो आणि पाणी रस्त्यावरून वाहू लागते. काळजी नको, जेसीबी लगेच येतो. त्याचे बिल निघते. विळ्याचे काय निघणार?